ताईच्या वॉशिंग मशीनचा कुबट वास: एका प्रकरणाची पूर्ण नोंद

ताईचा फोन आला तेव्हा ती मशीनबद्दल बोलतच नव्हती, टॉवेलबद्दल बोलत होती. "धुतलेला टॉवेल, उन्हात कडकडीत वाळलेला. घडी घालताना नाकाशी धरला तरी काही नाही. पण अंघोळ करून तोंड पुसलं की दोन मिनिटांत ओल्या पोतेऱ्यासारखा वास. घरात सगळे म्हणतात, तुला एकटीलाच येतो. तू एकदा येऊन बघ ना."

मी घरगुती वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. वासाची तक्रार आमच्या कामात नेहमीची, आणि सगळ्यात घाईने उरकली जाणारीही हीच. गळती दिसते, आवाज ऐकू येतो. वास कुठून येतो ते बोट ठेवून दाखवता येत नाही. म्हणून एखादी पावडर ओतली जाते आणि माणूस पुढच्या घरी जातो. ताईकडे मला घाई नव्हती. दोन दिवस राहिलो, पुढे तीन महिने फोनवर पाठपुरावा केला, त्यामुळे हे प्रकरण सुरुवातीपासून नीट मांडता येतंय.

मशीन फ्रंट लोड, 7 किलोची, आत हीटर असलेली, चार वर्षं वापरलेली. घरात चौघं: ताई, भावोजी आणि दोन मुलं, त्यातला मोठा रोज खेळून घामाने भिजून येणारा. रोज एकदा मशीन लागतं, बहुतेक वेळा 30 मिनिटांच्या झटपट प्रोग्रामवर, 30 अंशांवर किंवा पाणी न तापवताच. साबण लिक्विड. शेवटच्या पाण्याला सॉफ्टनर, न चुकता. कपडे काढले की दार लगेच बंद, कारण येता-जाता गुडघ्याला लागतं.

वास पाच महिन्यांपूर्वी सुरू झाला. आधी फक्त दार उघडताना यायचा, मग ओल्या कपड्यांना, मग वाळलेल्या टॉवेलना. या पाच महिन्यांत ताईने केलेले उपाय ऐकले की कुणालाही ते बरोबरच वाटतील. कपडे नीट निघत नाहीत म्हणून तिने साबण वाढवला. तरी वास, म्हणून सॉफ्टनर वाढवला आणि जास्त सुगंधी आणला. मग सर्व्हिस सेंटरमधून एक जण आला. त्याने क्षार काढायची पावडर टाकून मशीन रिकामं चालवलं. आठवडाभर बरं वाटलं. महिन्याने तो पुन्हा आला, पुन्हा तीच पावडर. आणि या वेळी "दाराचं रबर बदलावं लागेल" असं सांगून गेला.

ताईचं म्हणणं एवढंच होतं की रबर बदलून वास जाणार असेल तर बदलू, पण आधी तू बघ.

पहिला दिवस

रबरापासूनच सुरुवात केली. दाराच्या गॅस्केटला आतल्या बाजूला एक घडी असते. ती दोन्ही हातांनी बाहेर ओढून उलटी केली की खरी अवस्था दिसते. वरच्या अर्ध्या भागात काहीच नव्हतं. खाली, घड्याळात सहा वाजतात त्या जागी, काळे ठिपके, राखाडी बुळबुळीत थर, केसांचा गुंता, आणि त्यात घट्ट बसलेला लहानग्याचा एक मोजा. मोजा किती दिवसांपासून तिथे होता, कुणालाच सांगता आलं नाही. घडीच्या तळाशी पाणी निचरायला बारीक भोकं असतात. ती मेणासारख्या गोळ्याने बुजली होती. तिथे चमचाभर पाणी साचलेलं होतं, आणि त्या पाण्याला वास होता.

इथेच थांबलो असतो तर मीही रबर बदलायला सांगितलं असतं. पण रबर स्वच्छ पुसून, भोकं मोकळी करून मी ड्रममध्ये डोकं घातलं, तेव्हा वास तसाच होता. म्हणजे तो रबरालाही येत होता, पण रबराचा नव्हता.

दुसरा संशय सांडपाण्याच्या पाइपचा. ड्रेनचा होस भिंतीतल्या पाइपात बराच आत खुपसून, वरून टेप गुंडाळून बंद केलेला होता. असं केलं की गटाराची हवा होसमधून मशीनमध्ये येऊ शकते. शिवाय होसचं तोंड फार खाली गेलं तर भरतानाच पाणी आपोआप ओढलं जाऊन निघून जातं. म्हणूनच तोंड जमिनीपासून साधारण 60 ते 100 सेंटिमीटर उंचीवर ठेवायला सांगतात. होस बाहेर काढला, दोन धुण्यांपुरता बेसिनच्या काठाला बांधला, भिंतीतल्या पाइपावर ओलं फडकं दाबून ठेवलं. वास कमी झाला नाही. होस पुढे योग्य उंचीवर आणि टेपशिवाय बसवला, कारण ते करायलाच हवं होतं. गुन्हेगार मात्र तो नव्हता.

मग फिल्टर. पुढच्या बाजूला खाली छोटं झाकण असतं, त्याच्याआड. ताईने चार वर्षांत ते एकदाही उघडलं नव्हतं, कारण तिथे काही आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आधी पसरट ताट ठेवून बाजूच्या छोट्या नळीने पाणी काढलं, दीड-दोन लिटर तरी निघालं. हे पाणी पाहून ताई दचकली: "म्हणजे माझं मशीन पाणी पूर्ण काढतच नाही?" काढतं. पण पंपाच्या आणि तळाच्या भागात थोडं पाणी प्रत्येक मशीनमध्ये कायम राहतं, तो बिघाड नाही. फिल्टरमधून एक हेअरपिन, शर्टाचं बटण, एक नाणं आणि केस-धाग्यांचा मुठीएवढा लगदा निघाला. लगदा बोटांत दाबला तर साबणाच्या वडीसारखा निसटत होता. ही गोष्ट मी मनात नोंदवून ठेवली.

साबणाचा कप्पा पूर्ण बाहेर काढला. सॉफ्टनरच्या खणात दाबायची जागा असते, ती दाबून ओढला की अख्खा कप्पा हातात येतो. सॉफ्टनरच्या खणात निळसर जेली साठली होती. कप्पा जिथे बसतो त्या पोकळीच्या छताला बॅटरी मारली, तर जिथून पाणी पडतं त्या भोकांभोवती काळी बुरशी. ही जागा वाकून, मान वर करून पाहिल्याशिवाय दिसत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणी पाहत नाही.

रात्री जेवणानंतर एक चाचणी केली. कुठल्याही घरी करता येण्यासारखी आहे म्हणून सविस्तर सांगतो. ताईचे तीन धुतलेले, वाळलेले टॉवेल मशीनमध्ये टाकले. साबण नाही, सॉफ्टनर नाही, काहीच नाही. 60 अंशांचा कॉटन प्रोग्राम लावला आणि आम्ही दोघं मशीनसमोर स्टूल घेऊन बसलो. पहिली दहा-बारा मिनिटं पाणी स्वच्छ. पाणी तापत गेलं तसा काचेच्या खालच्या कडेला पांढरा पट्टा दिसायला लागला. पंचवीस मिनिटांनी अर्धी काच फेसाने भरली.

ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी साबण टाकलाच नाही ना?"

नाही. तो आधी टाकलेला साबण होता. काही टॉवेलमधून निघत होता, काही मशीनमधून.

हीटरने दिलेली साक्ष

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन उघडलं. प्लग काढला, नळ बंद केला, पाणी काढलं आणि मागचं पत्र्याचं झाकण खोललं. या मशीनचा हीटर मागून निघतो. काहींचा पुढून निघतो. मधला नट सैल करून बोल्ट आत ढकलला की रबरी सील ढिलं पडतं आणि हीटर सरळ बाहेर येतो. हे घरच्या घरी करायचं काम नाही. परत बसवताना हीटरचं आतलं टोक टबमधल्या पट्टीत नीट अडकलं नाही तर फिरता ड्रम त्याला घासतो.

हीटर हातात आला आणि मला हवं ते उत्तर मिळालं. तो जवळपास नव्यासारखा चकचकीत होता.

रोज चालणाऱ्या, चार वर्षं जुन्या मशीनचा हीटर असा असणं ही आनंदाची गोष्ट वाटेल. पाण्यातल्या कॅल्शियमचा बराचसा भाग पाणी तापल्यावर कार्बोनेट होऊन हीटरवर पांढऱ्या खपल्यांसारखा बसतो. नियमित तापणारा हीटर असा कोराकरकरीत राहणं कठीण. म्हणजे एकतर पाणी फार मृदू, किंवा हीटर फारसा तापलाच नाही. इथे दोन्ही खरं निघालं. माझ्याकडच्या पट्टीवर पाण्याची कठीणता अगदी कमी दाखवली. ताईकडे टीडीएस मोजायचं मीटर होतं आणि त्यावरचा आकडा पाहून ती आपलं पाणी जड समजत होती. पण टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांची गोळाबेरीज. साबणाला नडतात ते मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, आणि ते वेगळे मोजावे लागतात. पाणी जड समजून ती बाटलीवरचं जड पाण्याचं माप घेत होती.

हीटर काढल्यावर जे भोक राहतं त्यातून बॅटरी आणि छोटा आरसा घालून टबचा तळ आणि ड्रमची बाहेरची बाजू दिसते. धुणाऱ्याला दिसतो तो ड्रमचा आतला, चकाकणारा स्टीलचा भाग. त्याच्या बाहेर प्लास्टिकचा टब असतो, आणि या दोघांच्या मधल्या जागेत हात जात नाही, नजर जात नाही. तिथे ड्रमच्या पाठीवर राखाडी-पिवळट लेप होता, काही ठिकाणी नखाएवढा जाड. सुरीच्या पात्याने थोडा खरवडून बशीत घेतला. दोन बोटांत चोळला तर तुपकट, वास तोच.

बशीतल्या गोळ्याचे दोन भाग केले. एकावर सायट्रिक ॲसिडचं पाणी टाकलं. चुनखडीचा थर असता तर फसफसून बुडबुडे आले असते. काहीच झालं नाही, गोळा तसाच बसून राहिला. दुसऱ्या भागावर उकळतं पाणी आणि चिमूटभर धुण्याचा सोडा टाकला. पाणी दुधाळ झालं, गोळा सैल पडून तुकडे झाला आणि ढवळल्यावर वर फेस आला.

एवढ्या छोट्याशा प्रयोगाने पाच महिन्यांचं कोडं सुटलं. क्षार काढायची पावडर म्हणजे आम्लच. ते चुना विरघळवतं, चरबी नाही. दोनदा ओतलेली पावडर ज्या शत्रूसाठी होती तो या मशीनमध्ये नव्हताच. आठवडाभर बरं वाटलं ते त्या निमित्ताने मशीन एकदा गरम पाण्याने चाललं म्हणून, असा माझा अंदाज.

लेप कशाचा? न विरघळलेला साबण, अंगाचं तेल, कपड्यांचे बारीक तंतू आणि सॉफ्टनर. लिक्विड साबणातले मुख्य घटक ऋण प्रभाराचे असतात, सॉफ्टनरमधले धन प्रभाराचे. दोघं भेटले की पाण्यात सहज न विरघळणारी चिकट साय तयार होते. थंड पाण्यात ती सुटत नाही, ड्रमच्या पाठीवर बसते, प्रत्येक धुण्याला थोडी वाढते. तिच्यात ओल टिकते, अन्न असतं आणि अंधार असतो. जिवाणूंना याहून काही लागत नाही.

ताईला टॉवेल ओला झाल्यावरच वास का यायचा, याचंही उत्तर आहे आणि मला ते फार मोलाचं वाटतं, कारण घरात तिचं कुणी खरं मानत नव्हतं. 2012 साली जपानी संशोधकांनी ‘अप्लाइड अँड एन्व्हायर्न्मेंटल मायक्रोबायोलॉजी’ या नियतकालिकात धुतलेल्या कपड्यांच्या कुबट वासाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू आणि तो तयार करत असलेलं 4-मिथाइल-3-हेक्झेनॉइक आम्ल ही वासाची मुख्य कारणं असल्याचं दाखवलं. हा जिवाणू कोरडेपणाला आणि अतिनील किरणांना सहजासहजी दाद देत नाही. म्हणजे टॉवेल उन्हात कडकडीत वाळला तरी तो तगून राहू शकतो, आणि ओल मिळाली की पुन्हा कामाला लागतो. ताईच्या टॉवेलवर नेमका हाच जीव होता का, हे मी प्रयोगशाळेत तपासलेलं नाही. पण लक्षण तंतोतंत जुळतं. हे भावोजींना वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी टॉवेल पाण्यात बुडवून हुंगला आणि ताईकडे पाहून म्हणाले, "तुझं बरोबर होतं."

चूक कुठे होती

1959 साली हेंकेल कंपनीतल्या हर्बर्ट सिनर यांनी धुलाईचं एक वर्तुळ मांडलं, आजही या व्यवसायात ते शिकवलं जातं. स्वच्छ होण्यामागे चार गोष्टी असतात: रसायन, घासणं-आपटणं, तापमान आणि वेळ. एक कमी केली तर ती भरून काढायला दुसरी वाढवावी लागते. ताईच्या धुण्यात तापमान नव्हतं, वेळ फक्त 30 मिनिटं, आणि ड्रम इतका गच्च की कपड्यांना वरून खाली पडायला जागाच नाही. सगळा भार एकट्या रसायनावर होता. ते कमी पडतंय असं दिसलं की ती तेच वाढवत होती.

आणि साबण वाढला की घासणंही कमी होतं, हे फार जणांना ठाऊक नसतं. फ्रंट लोडमध्ये कपडे वर उचलले जाऊन खाली आपटतात, त्यानेच मळ सुटतो. फेस जास्त झाला की तो उशीसारखा मध्ये येतो. ताईचं मशीन ‘9 मिनिटं बाकी’ दाखवून बराच वेळ तिथेच अडायचं, त्याचं कारणही हेच: फेस ओळखून ते विसळायचं पाणी पुन्हा पुन्हा घेत होतं.

साबणाचं टोपण मी मोजलं. ती कडेपर्यंत भरत होती, म्हणजे 110 मिली. आतली मधली रेघ 45 मिलीची. या रेघा टोपणाच्याच रंगाच्या, नुसत्या उठावाच्या असतात. उजेडाकडे धरून तिरपं केल्याशिवाय दिसत नाहीत. मी तिला दाखवली तेव्हा तिने चष्मा लावून पाहिली आणि मग नेलपॉलिशने त्या रेघेवर लाल पट्टा ओढला.

थंड पाण्याने धुण्यात तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. गरम धुण्यातली बहुतेक वीज पाणी तापवण्यातच जाते, रंगही थंड पाण्यात जास्त टिकतो. तिचा हिशोब बरोबर होता. कधीच गरम न धुणं, एवढीच त्यातली खोट होती.

उपचार

हाताने साफ होईल ते आधी केलं. गॅस्केट, कप्पा, कप्प्याची पोकळी, फिल्टर, आणि पाणी आत येतं तिथल्या व्हॉल्व्हची जाळी. हीटरच्या भोकातून पोचला तेवढा लेप लाकडी चमच्याने खरवडून काढला. ड्रम हाताने फिरवून आवाज ऐकला, कड धरून वर-खाली हलवून पाहिली. बेअरिंग ठीक होतं. ही तपासणी महत्त्वाची, कारण ड्रमला मागून धरणारा तीन हातांचा स्पायडर बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, आणि असा ओला लेप वर्षानुवर्षं राहिला तर तो पोखरला जातो. वास ही कटकट आहे. स्पायडर तुटणं म्हणजे मशीनचा शेवट.

मग मशीन रिकामं, 90 अंशांवर, ड्रममध्येच सोडियम परकार्बोनेट असलेली धुण्याची पावडर टाकून. परकार्बोनेट पाण्यात गेलं की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा सुटतो: एक जिवाणू मारतो आणि रंग उडवतो, दुसरा चरबी सोडवतो. गरम पाण्यात दोन्ही जोरात काम करतात. लिक्विड साबणात हे ऑक्सिजन ब्लीच सहसा नसतं, कारण ते पाण्यात टिकत नाही. म्हणून फक्त लिक्विड वापरणाऱ्या घरात ते मशीनला कधीच मिळत नाही.

पाणी तापल्यावर मशीन तासभर थांबवून ठेवलं, मग पुढे चालू केलं. काचेतून राखाडी पापुद्रे तरंगताना दिसत होते, भिजलेल्या टिश्यू पेपरसारखे. पहिल्या फेरीनंतर मशीन पूर्ण निवू दिलं आणि मगच फिल्टर उघडला. लगेच उघडला असता तर हात भाजला असता. मूठभर गाळ निघाला. दुसऱ्या फेरीत त्याच्या निम्मा, तिसरीत चिमूटभर. पुढचे दोन-तीन दिवस सुटे पापुद्रे कपड्यांना चिकटू शकतात, म्हणून आधी जुनी फडकी आणि पायपुसणीच धुवायला सांगितली.

मधेच ताईने विचारलं, "व्हिनेगर टाकू का? आणि घरातलं ब्लीच आहे तेही?" तिला मी हात जोडून सांगितलं आणि इथेही तेच सांगतो: क्लोरीनवाल्या ब्लीचमध्ये व्हिनेगर, सायट्रिक ॲसिड किंवा कुठलंही आम्ल मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. एका धुण्यात एक आणि दुसऱ्यात दुसरं टाकायचं असेल तरी मध्ये भरपूर पाण्याने मशीन विसळून घ्यावं. या मशीनला दोन्हींची गरज नव्हती.

टॉवेल वेगळे घेतले. परकार्बोनेटच्या कोमट पाण्यात सहा तास भिजवले, मग 60 अंशांवर दोनदा धुतले, सॉफ्टनर बंद. दुसऱ्या धुण्याला काचेवर फेस जवळजवळ आला नाही. वाळल्यावर हाताला थोडे खरखरीत लागले, पण ताई म्हणाली की पाणी पूर्वीपेक्षा पटकन टिपतात. सॉफ्टनर धाग्यावर तुपकट थर चढवतो, तो गेल्यावर असंच होतं.

पुढच्यासाठी ठरलं ते असं. टॉवेल, चादरी आणि आतले कपडे आठवड्यातून एकदा पावडरने 60 अंशांवर, तेही लेबलवर तेवढी परवानगी असलेले. रंगीत कपडे पूर्वीसारखेच 30 वर, पण लाल पट्ट्यापर्यंतच लिक्विड आणि अर्धा तास नाही, पूर्ण प्रोग्राम. ड्रममध्ये कपड्यांच्या वर एक तळहात उभा जाईल एवढी जागा. धुणं झालं की घडी पुसून दार आणि कप्पा दोन्ही अर्धवट उघडे. मुलं मोठी आहेत म्हणून हे चाललं. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर खोलीचं दार लावूनच मशीनचं दार उघडं ठेवावं. महिन्यातून एकदा 90 अंशांवर रिकामं.

चौथ्या आठवड्यातला फोन

तीन आठवडे सगळं छान. चौथ्या आठवड्यात ताईचा आवाज पडलेला: "परत येतोय रे. थोडाच, पण येतोय. फक्त टॉवेलना."

माझाही जीव खट्टू झाला. साबण किती, सॉफ्टनर टाकलास का, दार उघडं असतं ना, सगळं विचारलं. ती सगळं पाळत होती. शेवटी तिला म्हटलं, 60 चं धुणं लाव आणि पाऊण तासाने काचेला हात लावून सांग. तिने हात लावून सांगितलं, "कोमट आहे. हात छान ठेवता येतोय."

60 अंशांचं पाणी आत असेल तर काच तशी लागत नाही. मी तिला पॅनेलचा फोटो पाठवायला सांगितलं. 60 च्या आकड्याशेजारी पानाचं चिन्ह पेटलेलं होतं: ऊर्जा वाचवणारा प्रोग्राम. अशा प्रोग्रामात काही मशीन पाणी कमी तापवतात आणि त्या बदल्यात वेळ वाढवतात. सिनरच्याच वर्तुळाचा हा हिशोब, मळासाठी ठीकही. या मशीनच्या पुस्तिकेत बारीक अक्षरात लिहिलेलं सापडलं की या प्रोग्रामात पाण्याचं प्रत्यक्ष तापमान दाखवलेल्यापेक्षा कमी असू शकतं. माझं चुकलं. मी ‘60 वर लाव’ एवढंच सांगितलं होतं, कुठला 60 ते सांगितलं नव्हतं.

साध्या कॉटन प्रोग्रामवर 60 लावल्यावर काचेवर हात टेकवत नव्हता. त्या आठवड्यानंतर टॉवेलचा वास गेला तो गेलाच.

तीन महिन्यांनी पुन्हा गेलो. गॅस्केटवरचे काळे ठिपके अजून आहेत. बुरशीचा रंग रबरात मुरला की निघत नाही, पण त्याला वास नाही, गळती नाही, म्हणून रबर बदललं नाही. मोठ्या मुलाच्या खेळाच्या जर्सींपैकी दोन सुधारल्या, एक नाही. पॉलिस्टर अंगाचं तेल सुतीपेक्षा घट्ट धरून ठेवतं, आणि त्या जर्सीवर वर्षभर सॉफ्टनरचे थर चढले होते. उलटी करून, भिजवून, 40 वर तीनदा धुऊनही घाम आला की वास येतो. तिचा नाद सोडला. साबणाची बाटली पूर्वी तीन आठवड्यांत संपायची, आता दोन महिने पुरते.

फिल्टर ताईने माझ्यासमोर स्वतः उघडला, ताट आधी ठेवून. निघालं ते फक्त पाणी आणि थोडे धागे. हीटरच्या भोकातून पुन्हा आरसा घातला तेव्हा ड्रमच्या पाठीचं स्टील बरंचसं दिसत होतं. दोन कोपऱ्यांत लेप पातळ होऊन उरला आहे. आणि हीटरवर पहिल्यांदाच पांढुरकी, पिठासारखी झाक दिसली. बोटाने पुसली तर निघाली. आता हीटर रोज नाही तरी आठवड्याला तापतो, त्यामुळे क्षार काढायच्या पावडरीचा प्रश्न या मशीनपुढे आता कुठे खरा उभा राहिला आहे. पाणी मृदू असल्याने घाई नाही. सहा महिन्यांनी मागचं झाकण पुन्हा उघडायचं ठरलंय, तोवर ताईने ती पावडर फडताळात वर ठेवून दिली आहे.